टांगणीला लागलेले दिवस

३ मार्च, सोमवार

आज आपली एक क्लिप तुटली. आपली म्हणजे मी डिझाइन केलेली.

डोकं ताळ्यावर नाही, म्हणून पहिल्यापासून लिहून काढते. आमच्या कारखान्यात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून खुर्चीत बसवणारं यंत्र बनतं. कागदोपत्री त्याला पेशंट लिफ्ट म्हणतात. आमच्या घरी ते 'क्रेन' आहे, कारण पक्षाघाताचा झटका आल्यावर बाबांकडे जे मोजके शब्द शिल्लक राहिले त्यातला हा एक. यंत्राला एक खांब, खांबाला पुढे आलेला हात, हाताला आडवा दांडा, दांड्याला चार खुंट्या. झोळीच्या चार पट्ट्या त्या खुंट्यांना अडकवायच्या आणि रिमोटचं बटण दाबायचं. प्रत्येक पट्टीच्या टोकाला तळहाताएवढी क्लिप असते, काचेसारखी आरपार. आरपार अशासाठी, की खुंटी खाचेत पूर्ण बसली की नाही हे उचलणाऱ्याला दिसावं. ही कल्पना माझी, आणि तिचं कौतुकही भरपूर करून घेतलंय मी. पॉलीकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक आहे. हातोडा मारला तर हातोडा उडतो.

ती तुटली. एका म्हाताऱ्या बाईंना पलंगावरून उचलताना. गादीपासून जेमतेम वीतभर वर होत्या, म्हणून नुसता मुका मार लागला.

साहेब म्हणाले, "जास्त वजन टाकलं असणार. लोक काय, नातवालाही बसवतात सोबत." मग, "बाहेर बोलू नका कुठे. घरीसुद्धा."

घरी. घरी तीच क्रेन आहे, या हिवाळ्यात आणलेली, त्याच क्लिपा आहेत आणि रोज दोनदा त्यांच्यावर बाबा लटकतात.

४ मार्च, मंगळवार

स्टोअरमधल्या नव्या क्लिपा मशीनवर लावून ओढल्या. सहाशे किलोच्या पुढे जाऊन तुटल्या. बाबांचं वजन पन्नास किलोच्या आत आहे, आणि तेही चार क्लिपांवर वाटून. हिशेब स्पष्ट आहे. स्वतःला तीनदा सांगितलं.

घरी आल्यावर दादाला म्हटलं, "क्रेन कशी चाललीये?"

"चालायला काय झालं?" तो म्हणाला. जंतुनाशकाची निळी बाटली आणि फडकं घेऊन दांडा पुसत होता. दादाचं पुसणं म्हणजे पुसणं. छापखान्यात होता तेव्हा त्याचं मशीन आरशासारखं असायचं म्हणे. बाबांसाठी त्यानं काही महिन्यांची रजा घेतली, त्याला आता दोन वर्षं होतील. मी मिळवते, तो बघतो, असं आमचं ठरलंय. ठरलंय म्हणजे कुणी ठरवलं नाही, पडलंय तसं.

तो चहा ठेवायला गेला तेव्हा मी मोबाइलच्या उजेडात चारही क्लिपा बघितल्या. खुंटीवर बसलेल्या होत्या, बाहेरून स्वच्छ दिसल्या. जरा बरं वाटलं.

७ मार्च, शुक्रवार

तुटलेली क्लिप हातात आली. तिच्याशेजारी मी मशीनवर तोडलेली ठेवली.

मशीनवर तुटलेली क्लिप आधी ताणली गेलीये. खाचेजवळ बारीक झालीये, लांबलीये, कडा ओरबाडल्यासारख्या. धातू असो नाहीतर चिवट प्लॅस्टिक, जास्त वजनानं मरायच्या आधी ते असा आरडाओरडा करतं. वाकतं, लांबतं, सांगतं की मला झेपत नाहीये. त्या बाईंच्या घरची क्लिप मात्र कुठे लांबलेली नाही, वाकलेली नाही. खाचेच्या कोपऱ्यातून आरपार गेलीये आणि तुटलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत. मुकाट्यानं गेलीये. हे जास्त वजन नव्हे.

साहेबांना दाखवलं. ते चष्मा वर करून बघत राहिले. "तुम्हाला प्रत्येक तुकड्यात कादंबरी दिसते," म्हणाले.

दादाशी आज खटका उडाला. मी आले तर गॅसवर दूध उतू जाऊन सगळीकडे पसरलेलं आणि हा ओट्याला टेकून उभा, डोळे मिटून. "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हटलं. त्यानं फडकं घेतलं. हल्ली माझ्याशी बोलणं म्हणजे 'हं' आणि 'बरं'. मी काय वाकडं केलंय त्याचं, कोण जाणे.

११ मार्च, मंगळवार

दुसरी तुटली. निवृत्त शिक्षक आहेत. पलंग आणि खुर्चीच्या मधोमध, खाली नुसती फरशी. मांडीचं हाड मोडलं.



१३ मार्च, गुरुवार

साहेबांनी 'माहिती घ्यायला' मला शिक्षकांच्या घरी पाठवलं. "कबूल काही करायचं नाही, कळवतो म्हणायचं," असं पढवून.

दोन खोल्यांचं घर. पलंग रिकामा, चादर ताणून घातलेली. दार उघडलं त्यांच्या बायकोनं, सत्तरीच्या काकू. मला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः उभ्या राहिल्या, परीक्षेला बोलावल्यासारख्या.

"मी क्लिपा बघूनच बटण दाबते," त्या म्हणाल्या. "चारही बघते. त्या दिवशीही बघितल्या होत्या."

"वजनाचं काही? बरोबर कुणी बसलं होतं?"

"बसतंय कोण? आम्ही दोघंच."

मी यंत्र तपासलं. सगळं लखलखीत. पावडरचा आणि त्या निळ्या औषधाचा वास. इतकं नेटकं ठेवलेलं यंत्र मी शोरूममध्येही बघितलं नव्हतं, आणि तसं त्यांना म्हटलंही. त्यावर त्यांचे डोळे भरले.

"माझ्या हातून पडले हो ते. बटण माझ्या हातात होतं. मला नीट सांगा, माझं काही चुकलं का?"

मी म्हटलं, "कळवते."

जिना उतरताना मला स्वतःची इतकी शरम वाटली की रस्त्यावर येऊन भलत्याच दिशेला चालत सुटले. नाही, तुमचं काही चुकलं नाही, एवढं एक वाक्य. तेही जमलं नाही.

आणि घरी येऊन तरी काय केलं? दादानं बाबांना उचललं, मी दारात उभी राहून बघितलं. सांगितलं तर तो क्रेन बंद करणार. बंद केली तर बाबांना हातांवर उचलणार, आणि त्याची पाठ आधीच धड नाही. सांगितलं नाही तर... सहाशे किलो, पन्नास किलो. जप केल्यासारखं चाललंय.

१५ मार्च, शनिवार

तुकडे घेऊन भिंगताईकडे गेले. ती कॉलेजात माझ्या पुढे दोन वर्षं होती. आता स्वतःची टेस्टिंग लॅब चालवते. गळ्यात सदैव भिंग, म्हणून हे नाव.

तिनं लॅपटॉपवर नुसता पांढरा पडदा लावला, त्याच्यापुढे एक कोरी क्लिप धरली आणि स्वतःचा गाडी चालवतानाचा, चकाकी अडवणारा पोलराइज्ड गॉगल माझ्या डोळ्यांवर चढवला. "आता गॉगल जरा तिरका कर," म्हणाली.

बिनरंगी क्लिप एकदम रंगीत झाली. पट्टेच पट्टे, जांभळे, हिरवे, केशरी. खाचेच्या कोपऱ्यात तर इतके दाटीवाटीनं की मोजता येईनात.

"सुंदर आहे ना?" भिंगताई म्हणाली. "हे सुंदर नाही. हा ताण आहे. कुणी ओढत नसताना, टेबलावर पडल्या पडल्या क्लिपेच्या पोटात असलेला ताण. साच्यातून लवकर बाहेर काढलीये. बाहेरची साल घट्ट झाली, आतलं अजून गरम होतं. ते नंतर आक्रसलं आणि आता जन्मभर आतून ओढत बसलंय."

साच्यातून क्लिपा काढून देणाऱ्या मोल्डिंगवाल्याला तिथूनच फोन लावला. तो साळसूदपणे म्हणाला, "मॅडम, माल वाढवून तुम्हीच मागितलात. हिवाळ्यापासून साचा लवकर उघडतोय. पण पीस बघा की, एकाला ओरखडा नाही."

मी उड्या मारायच्या बेतात होते. भिंगताईनं खाली ओढलं. "थांब. ही कोरी क्लिपसुद्धा आतून ताणलेली आहे आणि तू ती सहाशेपर्यंत ओढलीस. म्हणजे एवढ्यानं तुटत नाही. आणखी काहीतरी आहे. चोर दोन आहेत, एकच सापडलाय."

दुसरा कोण? उन्हाचा परिणाम म्हणावा तर घरातली यंत्रं. थंडीचा म्हणावा तर बंद खोल्या. औषधाचा? तो विचार आला होता, पण बाजारात आणायच्या आधी आम्ही प्रत्येक साफसफाईच्या द्रावणात क्लिपा आठवडाभर बुडवून ठेवल्या होत्या. काही झालं नव्हतं. रिपोर्टवर सही माझीच आहे.

१८ मार्च, मंगळवार

साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे ठेवला. 'मर्यादेपेक्षा जास्त भार अथवा अयोग्य वापर.' खाली माझं पद, सहीला जागा.

"हे खरं नाही, साहेब."

"मग खरं काय आहे, सांगा."

"अजून कळलं नाही."

"मग हेच खरं आहे," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, थकलेला होता. माणूस वाईट नाही. त्यांच्याही टेबलावर ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी उघडी पडलेली असते हल्ली. "बाई, तुम्ही शोधत बसाल आणि तोवर लोक म्हणतील यांना स्वतःलाच माहीत नाही. कारण काहीतरी द्यावं लागतं."

'अयोग्य वापर' या दोन शब्दांखाली मला काकू दिसत होत्या, उभ्या. हा कागद त्यांच्या हातात पडला की उरलेलं आयुष्य त्या तेच वाचत बसणार.

"सोमवारपर्यंत वेळ द्या," म्हटलं.

दादा आज शर्ट उलटा घालून बाजारात जाऊन आला. मी हसले. त्याला हसू आलं नाही. कॅरमवाल्या मित्राचा फोन आला होता, त्यालाही 'बघू' म्हणून ठेवून दिला. माणूस इतका तुसडा कसा होतो?

२० मार्च, गुरुवार

तिसरी. आणि ही सगळ्यांत विचित्र. एका शुश्रूषागृहात झोळी भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली होती. रिकामी. माणूस नाही, वजन नाही. सकाळी परिचारिका आली तर क्लिप दोन तुकडे होऊन खाली.

"कुणीतरी आपटली असेल," साहेब म्हणाले. पण माझ्याकडे न बघता.

२२ मार्च, शनिवार

आजचं लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

दुपारी बाबांना खिडकीशी खुर्चीत बसवायचं होतं. मी घरी होते. दादानं झोळी लावली, बटण दाबलं, बाबा वर गेले. पलंगावरून सरकवून त्यानं यंत्र खोलीच्या मध्यावर आणलं, तेव्हा खिडकीतलं ऊन सरळ दांड्यावर पडलं. आणि मला डाव्या बाजूच्या क्लिपेत केस दिसले. चंदेरी, बारीक, खाचेच्या आतल्या कोपऱ्यातून निघून बाहेर पसरलेले. केस नव्हते ते. तडे होते. रोज मोबाइलच्या उजेडात मी बाहेरची बाजू बघत होते. हे आत होते, खुंटीच्या मागे.

"थांब," मी म्हटलं.

"काय झालं?"

"हलवू नकोस. आहे तिथेच खाली घे. जमिनीवर."

"अगं, जमिनीवर कशाला? खुर्ची दोन पावलांवर..."

"दादा, जमिनीवर!"

मी पलंगावरची गादी ओढून झोळीखाली सारली आणि स्वतः तिच्यावर गुडघे टेकून बाबांच्या पाठीखाली दोन्ही हात घातले. दादानं खाली जायचं बटण दाबलं. ते यंत्र मीच हळू केलंय, पेशंटला गचका बसू नये म्हणून. आज त्या मोटरला मी मनातल्या मनात शिव्या दिल्या. बाबांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्या क्लिपेकडे. शेवटी त्यांचं अंग गादीला टेकलं, पट्ट्या सैल पडल्या. बाबा हसायला लागले. जमिनीवर पडून वर बोट दाखवत म्हणाले, "क्रेन!" त्यांना वाटलं गंमत केली.

मी रडत होते. दादा समोर बसला. "आता बोल."

सगळं सांगितलं. पहिली, दुसरी, तिसरी. त्यानं एकच प्रश्न विचारला.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"तीन तारखेपासून."

"आणि मी रोज यांना वर नेत होतो."



बाबांना पलंगावर हातांनीच घेतलं. खांद्याकडून तो, पायांकडून मी. मध्येच त्याच्या तोंडून 'आई गं' आलं. "काही नाही," म्हणाला.

मग त्यानं कपाटातून जादाची झोळी आणली. यंत्राबरोबरच आली होती, त्याच खोक्यातून, त्याच साच्याची. चारही क्लिपा उन्हात धरल्या. काचेसारख्या स्वच्छ, एक तडा नाही.

"ही वापरली नाहीस कधी?"

"बाहेरच काढली नाही. ती तेवढी रोज पुसायची वाचली."

पुसायची.

मी त्याच्या हातातल्या फडक्याकडे बघत राहिले. तडा गेलेल्या क्लिपेच्या खाचेत, खुंटीच्या मागे, निळसर थर वाळून बसला होता. काकूंचं लखलखीत यंत्र. शुश्रूषागृह, जिथे दिवसातून चारदा पुसतात. ही निळी बाटली आम्हीच देतो, हिवाळ्यापासून, प्रत्येक यंत्राबरोबर भेट म्हणून.

आणि आमची चाचणी! क्लिपा ओढल्या त्या कोरड्या. औषधात बुडवल्या त्या नुसत्या पडून राहिलेल्या, आणि त्याही साचा लवकर उघडायला लागायच्या आधीच्या. ताण आणि औषध, दोन्ही एकत्र आम्ही कधी केलंच नाही. रोजच्या वापरात मात्र दोन्ही एकत्रच असतं.

"पाणी किती घालतोस यात?" मी विचारलं.

"पाणी? पाण्यानं कसले जंतू मरतात? तसंच लावतो." मग त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे माझ्या पुसण्यानं...?"

"हो," मी म्हटलं. शोध लागल्याच्या भरात होते. नको तेव्हा खरं बोलायचं आणि हवं तेव्हा गप्प बसायचं, ही माझी अक्कल.

तो उठून गॅलरीत गेला. मी मागे जाऊन सांगितलं की चूक प्लॅस्टिकची, साच्याची, आमच्या बाटलीची, माझ्या चाचणीची. तो कठड्याला दोन्ही हात टेकून 'हं' म्हणत राहिला. माझा राग आलाय त्याला. येणारच.

२३ मार्च, रविवार

स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्रयोग. क्लिपेच्या मटेरियलच्या सपाट पट्ट्या कापून आणल्या होत्या. एक शिकंज्यात वाकवून तशीच ठेवली. एक सरळ ठेवून तिला निळं औषध लावलं. एक वाकवून औषध लावलं. पहिल्या दोन मख्ख बसून राहिल्या. तिसरीवर मी चहा गाळून परत येईपर्यंत चंदेरी केस उगवले होते.

भिंगताईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "सापडला दुसरा चोर. औषध प्लॅस्टिकला खात नाही गं. ताणलेल्या जागी ते आत शिरतं आणि एकमेकांना धरून बसलेल्या रेणूंच्या साखळ्यांमध्ये घुसतं. ताण नसेल तर शिरायला फट नाही. औषध नसेल तर ताण वर्षानुवर्षं बसून राहतो."

२४ मार्च, सोमवार

साहेबांच्या टेबलावर शिकंजा ठेवला, पट्टी नेहमीपेक्षा जास्त वाकवली आणि कापसाच्या बोळ्यानं औषध लावलं.

"हे काय?"

"काही नाही. तुम्ही बोला."

ते बोलायला लागले. तो कागद अजून तिथेच होता. सही आज करावी लागेल, वकील म्हणतात, लोकांची हाताळणी आपल्या हातात नसते, आपलं प्लॅस्टिक जगात सगळ्यात...

टक्.

लहानसाच आवाज. पट्टीचा एक तुकडा त्यांच्या गोळ्यांवर जाऊन पडला.

त्यांनी तो तुकडा उचलून कागदावर ठेवला. मग बाटली उचलून तिच्यावरचं स्वतःच्या कंपनीचं नाव वाचलं. "ही भेट द्यायची कल्पना माझी होती," म्हणाले.

"आरपार क्लिपेची माझी होती."

"किती घरांत आहे हे?"

"हिवाळ्यापासून जितकी यंत्रं गेली तितक्या घरांत. आजच्या आज सांगायला हवं, साहेब. वापर थांबवा, क्लिपांच्या जागी पूर्वीच्या पोलादी कड्या पाठवतोय म्हणून."

"वकिलांना विचारून..."

"साहेब, आज संध्याकाळीसुद्धा ते सगळे कुणाला तरी उचलणार आहेत. तुम्ही नाही केलेत तर मी फोन करणार. मग मला काढा."

हे वाक्य मी म्हटलं खरं. घर माझ्या पगारावर चालतं. त्यांनी कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. फाडला नाही, हे मी बघितलं. मग फोन जवळ ओढला. "पहिला नंबर द्या," म्हणाले.

२५ मार्च, मंगळवार

दिवसभर फोन. बरेच जण चिडले. एकजण म्हणाला, आमची तर छान चाललीये, उगाच नाट लावू नका. एका मुलीनं विचारलं, "मग आज आईला उठवू कशी?" मी म्हटलं, शेजाऱ्यांना हाक मारा, उद्या आमचा माणूस कड्या घेऊन येतोय. असल्या उत्तराचा काय उपयोग, पण दुसरं नव्हतं.

शिक्षकांच्या घरी फोन केला नाही. गेले. ते हॉस्पिटलमधून अजून यायचे आहेत.

"काकू, तुमचं काहीही चुकलं नव्हतं. क्लिप आमची सदोष होती. ती तुटणारच होती, बटण कुणाच्याही हातात असतं तरी."

त्यांनी मला परत सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "हे त्यांच्यासमोर येऊन सांगाल? ते मला काही बोलत नाहीत. पण मला वाटतं, त्यांना वाटतं माझंच चुकलं."

संध्याकाळी हॉस्पिटलात जाऊन पुन्हा सांगितलं, आमच्या चाचणीत काय राहून गेलं तेही. शिक्षक छताकडे बघत ऐकत होते. संपल्यावर त्यांनी हात बाजूला केला आणि काकूंनी तो धरला. मला मात्र त्यांनी खडसावलं. "परीक्षा दोन विषयांची होती, आणि तुम्ही दोन्ही पेपर वेगवेगळ्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलेत." बरोबर बोलले. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

८ एप्रिल, मंगळवार

नवी क्लिप ठरली. ॲसिटल नावाचं प्लॅस्टिक, दुधासारखं पांढरं, त्यातून आरपार दिसत नाही. म्हणून खुंटी बसलेली दिसावी यासाठी मधे खिडकी कापली आणि खाचेचे कोपरे चांगले गोल केले. भिंगताईच्या लॅबमध्ये क्लिपा वजनाखाली टांगून वर औषध शिंपडत राहिलोय, बाजारात मिळतील ती सगळी. मला रोज वाटतं आज फोन येणार, तुटली म्हणून.

निळी बाटली बंद झाली. साहेबांनी स्वतः पत्रक काढलं, त्यात 'अयोग्य वापर' नाही. नोकरी आहे अजून. किती दिवस, ते त्यांनाही माहीत नसावं.

पोलादी कड्या येईपर्यंत दादा बाबांना हातांवरच उचलत होता. मी सकाळी मदत करून निघायचे, बाकी दिवसभर तो एकटा. पाठीला पट्टा लावून फिरतो. विचारलं की 'हं'.

२७ एप्रिल, रविवार

नव्या क्लिपा घरच्या झोळीला लावल्या. लॅबचा रिपोर्ट चांगला आहे. तरी बाबांना एकदम वर न्यायला माझा जीव होईना.

"आधी कुणीतरी जड माणूस बसवू," म्हटलं.

दादानं स्वतःच्या पोटाकडे बघितलं. "चला, हे एकदाचं कामाला आलं." किती दिवसांनी विनोद केला त्यानं.

बाबांना पलंगावर उशांना टेकवून प्रेक्षक म्हणून बसवलं. खाली गादी अंथरली. दादा झोळीत बसला, मी चार खिडक्यांतून चार खुंट्या बघितल्या आणि बटण दाबलं. तो वर गेला. पाय सुटले तसा दांड्याला हात घालायला लागला.

"सोड. हात छातीवर घे. पेशंट कुठे धरतो?"

"विचित्र वाटतं गं, ठमे. काहीच आपल्या हातात नाही." लहानपणी मला ठमी म्हणायचा. "आता किती वेळ?"

"पाव तास. प्लॅस्टिक सतत वजनाखाली हळूहळू लांबतं का ते बघायचं असतं. हलू नकोस."

"मी कशाला हलतोय," तो म्हणाला.

मी क्लिपांच्या खाचांची लांबी मोजत होते. एक बाजू झाली, दुसरीकडे गेले, काहीतरी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तेव्हा त्याच्याकडे बघितलं.

झोपला होता. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, पाठीचा पट्टा सुटून लोंबत होता. डोळ्यांखाली काळं. गाल बसलेले. हा चेहरा मी रोज बघते, असं मला वाटत होतं. दुधाच्या दिवशी ओट्याला टेकून उभा होता, तो हाच चेहरा होता. मी त्याला लक्ष कुठे असतं म्हणून विचारलं होतं.

पाव तास झाला. खाचा होत्या तेवढ्याच आहेत. मी रिमोट उचलला. तेवढ्यात पलंगावरून बाबांनी घशातून आवाज केला. चांगला हात वर केला, बोट ओठांवर ठेवलं आणि डोळे वटारले, आम्ही लहान असताना वटारायचे तसे.

मी रिमोट खाली ठेवला. पडदा ओढून दादाच्या तोंडावरचं ऊन अडवलं. गॅलरीत जाऊन साहेबांना फोन केला आणि सांगितलं, उद्यापासून आठवडाभर मी येत नाही. मग बाबांना जेवण भरवलं, अजिबात आवाज न करता, दोघांनी मिळून.

हे लिहितेय तेव्हा तो अजून वरच आहे.